टूल हिरवं, उत्तर चुकीचं: रेसच्या माहितीच्या टूलवर परत परत येणारी तक्रार

तक्रार दर वेळी साधारण एकाच शब्दांत येते: "एजंटने चुकीचं सांगितलं, टूल तपासा." एजंट म्हणजे माणसाच्या प्रश्नाला टूल वापरून उत्तर देणारा एआय, आणि टूल म्हणजे त्याला माहिती आणून देणारा आमचा प्रोग्रॅम. मी टूल तपासतो. टूल ठणठणीत असतं. लॉगमध्ये, म्हणजे टूलच्या कामाच्या नोंदीत, एकही लाल ओळ नाही, माहितीच्या स्रोताचा प्रतिसाद वेळेत आलेला, सगळ्या चाचण्या हिरव्या. "आमच्या बाजूने सगळं ठीक" असं लिहून मी तक्रार बंद करतो. तीन-चार आठवडे जातात आणि तीच तक्रार दुसऱ्या घोड्यावर बसून परत दारात.

पाचव्या वेळेला माझी मलाच लाज वाटली. म्हणून एका पावसाळी शनिवारी जुन्या पाचही तक्रारी काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. तुमचं टूल शर्यतींचं नसेल, हवामानाचं किंवा बाजारभावाचं असेल, तरी यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

थोडी पार्श्वभूमी. मी वेंगुर्ल्यात घरून काम करतो. ज्या टूलबद्दल बोलतोय त्याचं काम साधं आहे: एआय एजंटने विचारलं की घोड्यांच्या शर्यतींचं रेसकार्ड (त्या दिवशीच्या शर्यती आणि घोड्यांची यादी), निकाल, घोड्याचा मागचा फॉर्म (आधीच्या धावांत कितवा आला) आणि मैदानाची स्थिती आणून द्यायची. पैज लावत नाही, टीप देत नाही. एजंटशी ते एमसीपीतून बोलतं, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने खुलं केलेलं ते मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयने बाहेरच्या टूलशी कसं बोलायचं याचे नियम. माझ्याकडे कोड थोडा आणि दस्तऐवज जास्त.

आणि परीक्षक घरचाच. शेजारी काका राहतात. उभी हयात मुंबईत गिरणीत गेली, रविवार महालक्ष्मीच्या रेसकोर्सला. निवृत्त होऊन गावी आल्यापासून पैजा बंद, पण रेसकार्ड वाचायची सवय सुटलेली नाही. माझ्या पडवीत बसून ते एजंटला प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की माझ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू घोडा मीच अडवला.

आधी कुठे बघायचं

तक्रार आली की मी पूर्वी थेट कोड उघडायचो. ते चूक होतं. आता तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो: एजंटने टूलला नेमकं काय विचारलं, टूलने नेमकं काय परत दिलं, आणि एजंटने माणसाला शेवटी काय सांगितलं. एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनात तोच प्रश्न हाताने टाकून बघता येतो. पण एजंटने प्रत्यक्षात कोणते आर्ग्युमेंट (तारीख, ठिकाण असे प्रश्नाचे तपशील) पाठवले ते तुमच्या स्वतःच्या लॉगमध्येच सापडतं. आमच्या लॉगमध्ये ते उतरतच नव्हतं. "विनंती आली, यशस्वी" एवढीच ओळ. अशा लॉगवरून रोग कळायचा म्हणजे पेशंटचा फक्त पत्ता बघून औषध द्यायचं.

तिन्ही गोष्टी समोर ठेवल्यावर पाच तक्रारींचं चित्र असं निघालं: दोनदा प्रश्नच चुकीचा गेला होता, एकदा टूलने खरं दडवलं होतं, आणि दोनदा अगदी बरोबर आलेली माहिती एजंटने उलटी वाचली होती. आम्ही ज्याला बग म्हणतो तसा बग एकही नव्हता.

एक खबरदारी. एजंटचं उत्तर बरोबर आलं म्हणून टूल चाललं असं धरू नका. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पहिली इंडियन डर्बी कोणी जिंकली? १९४३ साली, प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने. एजंटने लगेच बरोबर सांगितलं, काका खूश, मीही खूश. नंतर लॉग पाहिला तर टूल हाकेलाही बोलावलेलं नव्हतं. आमच्या स्रोतात इतकी जुनी माहितीच नाही. एजंटमागच्या भाषा-मॉडेलने ते स्वतःच्या आठवणीतून सांगितलं होतं. म्हणून चाचणीला प्रसिद्ध प्रश्न घेऊ नका. मागच्या आठवड्यातली एखादी पाचव्या वर्गाची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली शर्यत घ्या.

"आज रेस नाही" असं सांगतो, पण असते

सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार ही. उदाहरण केंटकी डर्बीचं. ती मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी लुईव्हिलला होते, संध्याकाळी सातच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट, साडेचारच्या आसपास. काकांनी रविवारी सकाळी चहा घेताना विचारलं, "आजची केंटकी डर्बी कोणी जिंकली?" एजंटने आजची, म्हणजे रविवारची तारीख टूलला दिली. टूलने प्रामाणिकपणे रविवारची यादी काढली. तीत डर्बी नव्हती, कारण तिथे ती शनिवारची. एजंट म्हणाला, "आज अशी शर्यत झालेली नाही."

टूलच्या वर्णनात, म्हणजे टूल कसं वापरायचं हे एजंटला सांगणाऱ्या मजकुरात, मी काय लिहिलं होतं? "तारीख: शर्यतीची तारीख." कोणाची तारीख? हा प्रश्न मला लिहिताना पडलाच नाही, कारण मला ते माहीत होतं.

आता वर्णन असं आहे: "ही तारीख रेसकोर्स जिथे आहे तिथली. वापरणारा भारतात असेल आणि शर्यत अमेरिकेत असेल तर वापरणाऱ्याच्या 'आज'मध्ये तिथला कालचा दिवसही येतो. शंका असेल तर दोन्ही तारखा मागवा." आर्ग्युमेंटचं नावही नुसतं "तारीख" न ठेवता "रेसकोर्सची स्थानिक तारीख" असं केलं. नाव लांबलं, पण मॉडेल नाव वाचतंच, आणि वर्णनापेक्षा जास्त मनावर घेतं असा माझा अनुभव आहे.

याच घराण्यातली दुसरी चूक वर्षातून दोनदा यायची आणि म्हणून ती मला भुताटकीसारखी वाटायची. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. जूनमध्ये रॉयल अ‍ॅस्कॉटची अडीचची शर्यत आपल्याकडे संध्याकाळी सातला. डिसेंबरात केम्प्टनची अडीचची शर्यत आपल्याकडे रात्री आठला. कोणीतरी (मीच) रूपांतराच्या मदतनीस फंक्शनमध्ये साडेचार तास घट्ट लिहून ठेवले होते. उन्हाळाभर सगळं छान. दिवाळीच्या मागेपुढे वेळा एक तासाने चुकायच्या, लोक तक्रार करायचे, मी तपासेपर्यंत कोणीतरी ते साडेपाच करून ठेवायचं, मार्चअखेरीस परत बोंब. उपाय जुनाच आहे: तासांचा फरक कुठेही आकड्यात लिहायचा नाही, ठिकाणाच्या टाइम झोनचं नाव वापरायचं. आणि प्रतिसादात वेळ एकाच रूपात न देता स्थानिक वेळ, झोनचं नाव आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असं तिन्ही द्यायचं. मॉडेलला वजाबाकी करायला लावू नका. बहुतेकदा ते बरोबर करतं, आणि हे "बहुतेकदा"च घात करतं.

आता खास आपली अडचण. मराठीत "परवा" मागेही जातो आणि पुढेही. काकांनी विचारलं, "परवाच्या पुण्याच्या रेसमध्ये कोण कोण होतं?" "होतं" या क्रियापदावरून तुम्हा-आम्हाला कळतं की झालेली रेस. एजंटने येणारा परवा धरला आणि न लागलेल्या निकालाची वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी काकांनी क्रियापदच गाळलं, "परवाची पुण्याची?" मग माणसानेही काय समजायचं! यावर वर्णनात ओळ घातली: "वापरणाऱ्याने दिवस सापेक्ष शब्दांत सांगितला असेल तर धरलेली तारीख उत्तरात आकड्यांत लिहा. मराठी-हिंदीतल्या 'परवा', 'परसों', 'कल' या शब्दांचा रोख क्रियापदावरून कळत नसेल तर आधी विचारा." ही ओळ घातल्यावर चूक पूर्ण थांबली नाही, पण निदान उत्तरात तारीख दिसते आणि माणूस लगेच टोकतो.

रिकामी यादी

आमच्याकडे पावसात लाईट जाते हे सांगायला नको. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहतो, पण फायबरवर कुठेतरी फणसाची फांदी पडलेली असते आणि नेट गायब. जुलैतल्या अशाच एका दुपारी मी टूल लॅपटॉपवरच चालवून बघत होतो. विचारलं, "आज महालक्ष्मीला रेस आहे का?" उत्तर: "नाही." बरोबरच होतं. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती पुण्याला असतात. मग विचारलं, "पुण्याला?" उत्तर: "नाही." तो रविवार होता आणि काकांच्या हातातल्या वर्तमानपत्रात पुण्याचं कार्ड छापलेलं होतं.

स्रोताशी संपर्कच झाला नव्हता. कोडमध्ये एका सज्जनाने चूक पकडून रिकामी यादी परत द्यायची व्यवस्था केली होती, "टूल कोसळू नये म्हणून". टूल कोसळलं नाही खरं, पण खोटं बोललं. आणि मुंबईबद्दलचं खोटं योगायोगाने खरं निघाल्यामुळे, पुण्याचं विचारलं नसतं तर कोणाला पत्ताही लागला नसता.

रिकाम्या यादीचे निदान तीन अर्थ होतात आणि तिन्ही एजंटला वेगळे कळले पाहिजेत. त्या दिवशी तिथे शर्यतीच नाहीत. किंवा शर्यती आहेत पण घोड्यांची अंतिम नोंदणी अजून व्हायची आहे. ब्रिटनच्या फ्लॅट (बिनअडथळ्यांच्या) शर्यतींत ती साधारण ४८ तास आधी होते, त्यामुळे चार दिवस पुढचं कार्ड मागितलं तर ते नसणारच. किंवा आम्हाला स्रोतापर्यंत पोचताच आलं नाही. आता प्रतिसादात यादीच्या आधी एक स्थिती येते आणि ती वाक्यात असते, कोडच्या आकड्यात नाही: "स्रोताशी संपर्क झाला नाही. शर्यती आहेत की नाहीत हे यावरून सांगता येणार नाही. वापरणाऱ्याला तसं सांगा." प्रोटोकॉलमध्ये यासाठी सोयही आहे. टूलच्या निकालात इझ-एरर हा झेंडा खरा करायचा आणि मजकुरात काय बिघडलं ते लिहायचं, म्हणजे ते मॉडेलपर्यंत पोचतं. चूक वरच्यावर गिळली तर मॉडेलला रिकामं ताट दिसतं आणि ते समजतं की आज घरात स्वयंपाकच नाही.

जाता जाता कॅशबद्दल, म्हणजे एकदा आणलेली माहिती साठवून परत वापरण्याबद्दल. रेसकार्ड आम्ही सहा तास साठवून ठेवत होतो. सकाळी घोडा काढून घेतला तरी दुपारपर्यंत तो आमच्या कार्डात पळतच असायचा. शर्यतीच्या दिवशी साठवणीचा काळ दहा मिनिटांवर आणला आणि प्रत्येक प्रतिसादात "माहिती आणल्याची वेळ" घातली. पुढे काही सांगण्यासारखं नाही.

हरलेला घोडा जिंकला म्हणून सांगतो

या तक्रारीने मला सगळ्यात जास्त छळलं, आणि ती पकडली काकांनी. एका घोड्याबद्दल एजंटने लिहिलं होतं, "घोडा उत्तम फॉर्ममध्ये आहे, मागच्या तीन धावांत पहिला, दुसरा, पहिला." काकांनी चष्मा वर केला.

"झिला, ह्यो घोडो शेवटचो धावलो तेव्हा नववो इलो. तुझां मशीन जिंकलो म्हणता?"

मी टूलचा प्रतिसाद उघडला. फॉर्म होता: १२१-४६९.

"मगे? आकडे उजवीकडसून वाचूचे."

रेस खेळणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या रेसकार्डात फॉर्मची ओळ डावीकडून उजवीकडे जुन्यापासून नव्याकडे जाते. सर्वांत ताजी धाव उजव्या टोकाला. मधली आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला. तिरकी रेघ असली तर त्याहून मोठा खंड. शून्य म्हणजे शून्यावा नव्हे, दहावा किंवा त्याच्याही मागे. अडथळ्यांच्या शर्यतीत अक्षरंही येतात: एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, पी म्हणजे अर्ध्यातून थांबवला. ऑस्ट्रेलियाच्या कार्डात एक्स दिसला तर घोडा मध्ये विश्रांतीला होता. हे सगळं सहा-सात चिन्हांत कोंबलेलं असतं, आणि मी टूलच्या वर्णनात लिहिलं होतं: "फॉर्म: घोड्याचा अलीकडचा फॉर्म." अलीकडचा म्हटल्यावर मॉडेलने पहिला आकडा सर्वांत अलीकडचा धरला तर त्याची काय चूक? बहुतेक याद्या नव्यापासूनच सुरू होतात.

पण माझ्या चाचण्या हिरव्या कशा होत्या? यावर मी बराच वेळ खाल्ला. कोड दोनदा वाचला, मॉडेल बदलून पाहिलं, शेवटी चाचणीचा घोडा बघितला. मी फ्रँकेल हा कधीच न हरलेला प्रसिद्ध घोडा घेतला होता. १४ धावा, १४ विजय. त्याचा फॉर्म डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, झोपून वाचा, सगळीकडे १. ज्या घोड्याच्या बाबतीत ही चूक होऊच शकत नाही नेमका तोच घोडा मी परीक्षेला बसवला होता. आवडता घोडा चाचणीला घेऊ नये. चाचणीला हरणारा, पडणारा, मध्येच थांबणारा, वर्षभर गायब होऊन परत आलेला घोडा घ्यावा.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत केली. आधी नुसतं वर्णन बदललं: "फॉर्मची ओळ जुन्यापासून नव्याकडे; शेवटचं चिन्ह सर्वांत ताजं." चुका खूप कमी झाल्या, संपल्या नाहीत. लांब उत्तरात, चार-पाच घोड्यांची तुलना करताना, एजंट मधूनच परत डावीकडून वाचायला लागायचा. मग ओळ फोडलीच. आता टूल प्रत्येक धावेची वेगळी नोंद देतं: तारीख, ठिकाण, अंतर, कितवा, किती घोड्यांत. तारीख सोबत असली की उलटं वाचायला जागाच राहत नाही. मूळ ओळ "छापील फॉर्म, फक्त दाखवण्यासाठी" या नावाने शेवटी ठेवली आहे, कारण काकांना ती लागते.

याच ओळीने आणखी एक खोडी केली. एका मधल्या टप्प्यावर फॉर्मचा प्रकार आपोआप ओळखला जात होता. ज्या घोड्याच्या ओळीत रेघा-अक्षरं नाहीत, नुसते आकडे आहेत, ती ओळ संख्या समजली गेली. ००५३ चे झाले ५३. दोनदा दहाव्याच्या मागे राहिलेल्या घोड्याचे दोन्ही पराभव धुऊन निघाले! फॉर्म हा मजकूर आहे, संख्या नाही, हे स्कीमामध्ये (कोणत्या रकान्यात कशा प्रकारची माहिती येते ते सांगणाऱ्या आराखड्यात) स्पष्ट लिहा.

आकड्यांची वेशांतरं एवढ्यावर थांबत नाहीत. ५/२ हा पैजेचा भाव स्प्रेडशीटमधून गेला की ५ फेब्रुवारी होतो. भाव शाबूत पोचला तर एजंट त्याचा दशांश २.५ काढतो, खरा दशांश भाव ३.५, कारण त्यात लावलेला पैसा परत येतो तोही धरतात. ९-२ हे ब्रिटिश कार्डातलं वजन म्हणजे ९ स्टोन २ पौंड, १२८ पौंड, ५८ किलोच्या किंचित वर. आमच्या एका अहवालात तीही तारीख झाली होती. आणि अंतराच्या आकड्यापुढचं एम हे अक्षर तर बघायलाच नको. ब्रिटिश कार्डात ते मैल, आपल्याकडे मीटर. एप्सम डर्बीचं अंतर १ मैल ४ फर्लांग ६ यार्ड, म्हणजे २४२० मीटरच्या जवळपास. इंडियन डर्बी २४०० मीटर. एजंटने या दोन शर्यतींची तुलना करताना पहिलीचं अंतर "१ मीटर ४ फर्लांग" लिहिलं आणि तसंच पुढे गेला, कुठे अडखळला नाही. आता टूल अंतर मीटरमध्ये देतं, वजन किलोत, भाव दशांशात, आणि एककाचं नाव प्रत्येक ठिकाणी पूर्ण. मूळ छापील रूप शेजारी मजकूर म्हणून.

घोड्याचा कार्डावरचा नंबर आणि शर्यत सुटताना तो ज्या कप्प्यात उभा असतो त्या स्टॉलचा नंबर हेही वेगळे असतात. दोन्हींना नुसतं "नंबर" म्हणू नका, एवढंच.

दोन गॅलिलिओ

"गॅलिलिओ कुठे जिंकला?" असा प्रश्न. एजंटने सांगितलं, २००१ ची एप्सम डर्बी आणि २००२ मध्ये चेल्टनहॅमची हर्डल शर्यत. रेस कळणारा माणूस हसेल. डर्बी जिंकून स्टडवर (पैदाशीसाठी) गेलेला, फ्रँकेलचा बाप झालेला घोडा दुसऱ्या वर्षी हर्डलवरून उड्या मारायला कशाला जाईल? ते दोन वेगळे घोडे. एक आयर्लंडचा, एक पोलंडचा. म्हणून तर नावापुढे कंसात देशाची खूण असते, आणि आमचं टूल शोध सोपा व्हावा म्हणून ती खूण काढून टाकत होतं.

घोड्याचं नाव ही त्याची ओळख नव्हे. नावं काही वर्षांनी परत वापरली जातात, देशोदेशी तीच नावं असतात. आता शोध टूल आधी उमेदवारांची यादी देतं: नाव, देशाची खूण, जन्मसाल, आई-बाप, आणि आमचा आयडी. निकाल किंवा फॉर्म मागायचा तर आयडी द्यावाच लागतो, नाव चालत नाही. त्यामुळे एक फेरी जास्त होते, उत्तराला वेळ थोडा जास्त लागतो. एका सहकाऱ्याने त्यावर कुरकुर केली. केली तर केली.

जन्मसालावरून एक आठवलं. उत्तर गोलार्धातल्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांचं १ ऑगस्टला. वय एजंटला मोजू देऊ नका, टूलनेच द्यावं.

मैदान जड आहे

ही तक्रार नव्हती, काकांची चेष्टा होती, पण दस्तऐवजात तिचीही जागा आहे. एजंट मराठीत उत्तर देताना मैदानाच्या स्थितीचं भाषांतर करायचा. गुड म्हणजे "मैदान चांगलं", सॉफ्ट म्हणजे "मऊ", हेवी म्हणजे "जड". काका म्हणाले, जड मैदान म्हणजे काय, त्यावर फणस ठेवलेत? मग थांबून म्हणाले, तसं बघितलं तर चिखलणी केलेल्या मळ्यात घोडा पळवला तर त्याला जडच जाईल.

मजा सोडली तर मुद्दा असा की हे शब्द कौतुकाचे नाहीत, जमीन किती घट्ट आणि किती ओली याचं ते माप आहे, आणि प्रत्येक देशाचं माप वेगळं. ब्रिटनमध्ये शब्दांची उतरंड, ऑस्ट्रेलियात १ ते १० आकडे, आपल्याकडे पेनेट्रोमीटरचं (जमिनीत किती खोल रुततं ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करू नका, भाषांतरही करू नका, अशी ओळ वर्णनात घातली: "मैदानाची स्थिती ज्या पद्धतीने आली त्याच शब्दांत द्या, पद्धतीचं नाव सोबत लिहा." आता एजंट "हेवी" असंच लिहितो. काकांची करमणूक गेली.

वर्णन कोण वाचतं

या सगळ्यात माझी चूक कुठे झाली ते सांगतो. मी टूलसाठी चाळीसेक पानांचा सुरेख दस्तऐवज लिहिला होता. त्यात फॉर्म कसा वाचायचा, टाइम झोन, एककं, सगळं होतं, आकृत्यांसह. ते एजंटने कधी पाहिलंच नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन, इनपुटचा स्कीमा आणि परत आलेला प्रतिसाद. तिथे मी एकेक ओळ टाकून मोकळा झालो होतो, कारण ते "कोडमधलं" होतं आणि माझं काम "दस्तऐवजाचं". माणूस अडला की विचारतो, शेजाऱ्याकडे जातो, पान उलटतो. मॉडेल अडतच नाही. त्याला जे दिलं त्यातून ते उत्तर बनवतं.

आता मी आधी वर्णन लिहितो आणि मॅन्युअल नंतर. पण वर्णनातही सगळं कोंबू नका. मध्यंतरी उत्साहात मी फॉर्मच्या टूलचं वर्णन दीड पान केलं होतं, तर एजंट ते टूल वापरायचंच टाळायला लागला आणि सगळ्याला निकालाचं टूल बोलवायला लागला. चुकण्याची शक्यता जिथे डेटाचं रूप बदलून संपवता येते तिथे डेटा बदला. जे उरेल तेवढंच वर्णनात लिहा. फॉर्मची ओळ फोडल्यावर ती उजवीकडून वाचा हे सांगायची गरजच राहिली नाही. ते वाक्य मी खोडून टाकलं.

टूल मध्येच गप्प होतं

हे वेगळं दुखणं, पण लोक त्याच तक्रारीत मिसळतात म्हणून दोन ओळी. टूल स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून (प्रोग्रॅमची वाचायची-लिहायची नेहमीची वाट) चालवत असाल तर आउटपुटच्या वाटेने फक्त प्रोटोकॉलचे संदेश गेले पाहिजेत. चूक शोधताना छापायला टाकलेली एक ओळ तिथे गेली की समोरच्याला मोडका जेसन (संदेशाचं ठरलेलं रूप) मिळतो आणि संबंध तुटतो. लॉग स्टँडर्ड एररकडे वळवा. एखादी लायब्ररी सुरू होताना स्वागताचा संदेश छापत असेल तर तोही. आमच्याकडे तीच होती.

अजून न सुटलेलं

देवनागरीतून येणारी नावं. स्रोतात नावं रोमन लिपीत आहेत, काका मराठीत टाइप करतात. "एनेबल" वगैरे एजंट नीट ओळखतो. पण काकांनी "सी द स्टार्स" विचारला. २००९ ची एप्सम डर्बी जिंकलेला घोडा, त्याच्या नावातला "सी" हा समुद्र. एजंटने बघण्याचा "सी" धरून स्पेलिंग केलं आणि टूलने, आता प्रामाणिक झाल्यामुळे, "या नावाचा घोडा सापडला नाही" असं स्पष्ट सांगितलं. देवनागरीत दोन्ही एकसारखेच दिसतात, यात एजंटला तरी काय बोलणार.

तात्पुरता उपाय म्हणून नाव तंतोतंत जुळलं नाही तर उच्चाराने जवळची पाच नावं द्यायला सुरुवात केली आहे. पाचांत हवा तो घोडा बहुतेक वेळा येतो, पण एजंट कधी कधी पहिलाच उचलतो. काकांनी आपला तोडगा काढला आहे. ते आता प्रश्नातच लिहितात: "सी द स्टार्स, समुद्रवालो सी."